वाळलेल्या बागेची साल

राजापेठेतल्या नर्सरीत मी ऑर्किडसाठी साल घ्यायला गेले होते. कुंडीत मातीऐवजी भरायची, लवकर न कुजणारी साल मला हवी होती. मालक पाइनचे तुकडे दाखवत होता, तेवढ्यात एक बाई पोतडी घेऊन आली. वरूडकडची होती. पाण्यावाचून वाळलेली संत्र्याची बाग तोडावी लागली, तेव्हा तिनं खोडांची साल सोलून ठेवली होती. इथं साल विकत घेतात, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं.

मालकानं एक तुकडा बोटांत चुरडून पाहिला. "हे नाई चालत, काकू. ओल लागली का वर्षभरात भुसा होते."

"झाडावर होती तवा कुठं सडली?" असं म्हणत ती सांडलेला चुरा पदरात गोळा करू लागली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मला द्या, मी घेते."

तिनं पोतडीचं तोंड घट्ट आवळलं. "कुजनारी साल कावून नेता, बाई? मुळ्या सडतीन. तुमचं झाड तरी जगू द्या."

पोतडी काखेत मारून ती एसटी स्टँडकडे निघून गेली.

मी पाइनची साल घेतली. ऑर्किडला फुलं आली की शेजारणी कौतुक करतात, आणि मला तिथं फार वेळ उभं राहवत नाही.