कापडवाटेचं माप

आमच्या वन्संना मी एका जागी बसलेलं पाहिलं ते फक्त शिलाई मशीनवर, आणि तिथेही पाय चालूच. मशीनवरून उठल्या तरी पायाची खोड सुटत नाही. जेवताना टेबलाखाली त्यांचा उजवा पाय पायडल मारत असतो आणि वर पाण्याचे पेले थरथरतात. आमचे हे म्हणतात, "ताई, भूकंप थांबव, पाणी सांडतंय." त्यावर वन्सं म्हणतात, "धाकट्या, पेला काठोकाठ भरतोस कशाला?"

रोज सकाळी प्रार्थना झाली की मी वहीत चार ओळी लिहिते. पूर्वी त्यात सगळ्या घरादाराचं यायचं. हल्ली पान उघडावं तर वन्संच वन्सं. म्हणून आज त्यांच्याबद्दल जरा बैठक मारून लिहितेय.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात त्या पोरवयात काजं-बटणं करायला लागल्या आणि केस पांढरे झाल्यावर बाहेर पडल्या, तेही मालकाने दुकान बंद केलं म्हणून. मग त्यांचं मशीन आमच्या मागच्या खोलीत खिडकीशी आलं. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलंच, तर म्हणतात, "गावाची मापं घेतली, पण माझ्यासमोर न हलता उभा राहील असा एक भेटला नाही." दर हंगामात शाळेच्या सहलींसाठी ढिगाने टोप्या शिवल्या त्यांनी. स्वतः मात्र कापडबाजाराच्या पलीकडे गेल्या नाहीत.

आणि एक दिवस वाचनालयाच्या भिंतीवर तो नकाशा लागला. पूर्वी डोंगरापलीकडचे विणकर खांद्यावर गाठोडी घेऊन बंदरापर्यंत चालत जायचे. त्या रस्त्याला कापडवाट म्हणतात. रंगाऱ्यांच्या दगडी टाक्या, कमानींचे पूल, गाठोडं टेकायला बांधलेले कट्टे, सगळं अजून उभं आहे म्हणे. वारसा खात्याने ती वाट साफ केली, खुणेचे दगड बसवले, जुन्या धर्मशाळा पुन्हा उघडल्या. वन्संनी तिथूनच नकाशाची घडी आणली आणि चपला न काढताच स्वयंपाकघरात आल्या.

"वहिनी, आपण जायचं."

"कुठे, बाजारात?" मी भाजी चिरत होते.

"बंदरापर्यंत. चालत. अख्खी वाट."

हे बाहेरून म्हणाले, "कोपऱ्यावरून दूध आणायला दोघी रिक्षा करता, आणि बंदर?"

वन्संनी तिकडे लक्षच दिलं नाही. मला हळूच म्हणाल्या, "गुडघ्याचे डॉक्टर म्हणालेत, चालायची हौस असेल तर यंदा चालून घ्या, पुढल्या वर्षी गुडघा कापून बदलावा लागेल. आणि डोंगराच्या टप्प्यात एकटीला सोडत नाहीत, नियमच आहे. तू आलीस तर मी जाईन. नाहीतर राहिलं."

मी हो म्हणाले. आणि चिरलेलीच भाजी पुन्हा चिरायला घेतली.

त्या दिवसापासून घराचं स्वास्थ्य गेलं. धर्मशाळांत खाटा मोजक्याच, त्यामुळे कुठल्या संध्याकाळी कुठे पोचणार ते आधी कळवावं लागतं. अंधार पडायच्या आत पोचला नाहीत तर खाट दुसऱ्याची, आणि पुढच्या सगळ्या मुक्कामांचा विचका. म्हणून वन्संनी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. त्यावर नकाशा पसरला, धर्मशाळांच्या जागी टाचण्या टोचल्या आणि वळणावळणाने टेप लावायला बसल्या. बाहीच्या मुंढ्याला टेप लावतात तशी, कडेवर उभी धरून, एक वळण न सोडता. खडूने रेघ मारायची, मन भरलं नाही की पुसायची. काल बेतलेला मुक्काम आज उसवायचा. आम्ही ओट्याशी उभं राहून जेवत होतो. "घोडेसुद्धा उभ्याने खातात, पण ते निदान धावतात तरी," हे म्हणायचे.

वन्सं नवे बूट घालून गॅलरीत येरझाऱ्या घालत. पिशवी भरत, उचलून बघत, पुन्हा रिकामी करत. मला वाटायचं आपण तरी शांत राहू, पण छे. दूध उतू जाई, मीठ दोनदा पडे. प्रार्थनेला डोळे मिटले की समोर टाचण्याच टाचण्या. देवाकडे काय मागावं तेच कळेना. एके दिवशी म्हणायची, सगळं सुखरूप पार पडू दे. दुसऱ्या दिवशी, काहीतरी निघू दे आणि हे बारगळू दे.

वाटेचा एक टप्पा आमच्या गावाबाहेरच्या टेकडीवरून जातो. वन्सं म्हणाल्या, "आधी कच्चे टाके घालून बघू." त्यांच्या मापाप्रमाणे दुपारच्या जेवणाला पलीकडच्या धर्मशाळेत पोचायचं होतं. पहाटे निघालो. सुरुवातीला मजेत चाललो. मग चढ लागला, उतार लागला, आणि उतार संपतो न संपतो तोच पुन्हा चढ. दुपार झाली, कलली, तरी धर्मशाळेचा पत्ता नाही. वन्सं दर दगडाशी थांबून नकाशा काढत आणि म्हणत, "असं कसं होईल? इथे तर आपण केव्हाच यायला हवं होतं." माझ्या टाचा सोलून निघाल्या होत्या. ऊन उतरलं तेव्हा आम्ही जेमतेम माथ्यावर होतो. मागच्या अंगाने एक दुधाची गाडी परतत होती, तिच्यात रिकाम्या कॅनांमध्ये बसून घरी आलो.

ह्यांनी दार उघडलं आणि आमच्याकडे नुसतं बघितलं. "गाईच्या गतीने गेलात, निदान दुधाच्या गाडीने आलात."

मी टाचांना तेल लावत म्हणाले, "वन्सं, माझ्याच्याने नाही व्हायचं. माझ्यामुळे तुमचा प्रत्येक मुक्काम चुकेल. दुसरं कोणी बघा."

"बरं," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी टाचण्या डबीत गेल्या, नकाशाची घडी झाली, टेबल पुसून मोकळं. आम्ही चक्क बसून जेवलो. पेल्यातलं पाणी मात्र हललं नाही. दोन घास झाले, चार झाले. शेवटी ह्यांनाच राहवलं नाही. "ताई, हलव की पाय जरा. घास उतरत नाही."

"दुखतोय," वन्सं म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या.

तसे कित्येक दिवस गेले. मी त्यांच्या खोलीवरून जाताना पावलं हळू टाकायची. मला वाटे, दुसरं कोण बघणार त्या? बरोबरीच्या बायका कुणी मुलांकडे, कुणी अंथरुणाला. दुसरी कोणी असती तर माझ्याकडे आल्या असत्या का?

मग शेजारची सून ड्रेस सैल करून घ्यायला आली. दिवस भरत आलेले, चालताना हाताने कंबर धरलेली. वन्संनी ड्रेस टेबलावर पसरून समोरच्या पट्टीला टेप लावली आणि म्हणाल्या, "थोडंच उसवावं लागेल." मग तो तिच्या अंगावर अर्धामुर्धा चढवून, तिला उभं करून खांद्यापासून पोटावरून खाली टेप नेली. टेबलावर घेतलेलं माप पोटाच्या उतारावरच संपलं. वन्सं थबकल्या. पोटाकडे बघत राहिल्या आणि ओरडल्या, "डोंगर!"

सून लाल झाली. "काय म्हणालात, मावशी?"

"तुला नाही गं बाळा! तू चंद्रासारखी आहेस." आणि टेप गळ्यात तशीच लोंबत ठेवून त्या माझ्याकडे धावत आल्या. "वहिनी! नकाशा म्हणजे पसरलेलं कापड गं! मी सपाटीवर माप घेतलं, वाट जाते डोंगराच्या अंगावरून. हाताखालच्या पोरींना जन्मभर ओरडले, टेबलावर मापू नका, अंगावर मापा. आणि स्वतः काय केलं!" त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "आपण हळू नव्हतो गं. तू हळू नव्हतीस. वाटच तेवढी होती."

बिचारी सून दारात उभी, एक बाही वर, एक खाली.

नवी मापं घेतली तेव्हा बाकीचे मुक्काम कसेबसे बसले. फक्त मोठ्या डोंगराचा टप्पा बसेना. तो एका दिवसात होणं शक्य नव्हतं आणि अधेमधे धर्मशाळा नाही. ह्यांनी सुचवलं, "तेवढा बसने जा. कोण बघायला येतंय?"

"मधला तुकडा कापून शिवलेला सदरा घालशील का तू?" वन्संनी विचारलं. ह्यांनी सदऱ्याची बटणं चाचपली.

मला मात्र वन्संनी एका शब्दाने विचारलं नाही, येतेस का म्हणून. मी धुणं वाळत घातलं, भांडी लावली, लावलेली पुन्हा काढून पुसली. कानकोंडी होऊन घरभर फिरत राहिले. त्या विचारतील आणि मला उत्तर द्यावं लागेल याची भीती. नाही विचारलं याचा राग.

गेल्या आठवड्यात त्यांनी कापडवाटेच्या कचेरीत फोन लावला. मी दाराशी ओले हात घेऊन उभी. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलणारा होता, मला सगळं ऐकू येत होतं. डोंगराच्या खिंडीत रखवालदाराची चौकी आहे, तो म्हणाला. डोक्यावर छप्पर मिळेल, गादी नाही.

"गादी कोणाला हवीय? हंगामात मी कटिंगच्या टेबलाखाली झोपलेय," वन्सं म्हणाल्या.

"ठीक आहे, बाई. किती जण? एकट्याला वर सोडत नाही आम्ही."

वन्संनी फोन कानापासून जरा दूर धरला. खिडकीबाहेर बघत राहिल्या, म्हणजे मला नको वाटलं तर निसटता यावं.

"दोघी सांगा," मी म्हणाले. "आणि सांगा त्यांना, एक जण हळू चालते. तसं माप धरा."

"दोघी," वन्संनी फोनमध्ये सांगितलं. "हळू कोणी नाही."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "आणि माझ्या जेवणाचं?"

"ओटा ओळखीचा झालाय ना तुझ्या?" वन्सं म्हणाल्या. "आता त्याच्या पलीकडच्या बाजूला उभा राहा."

आज निघायचं, म्हणून काल संध्याकाळपासून हे तीनदा विचारून गेले, वाटेत फोन लागतो का. वन्संनी पिशवीतून माझी जाड शाल बाहेर काढली, मी ती परत आत घातली, त्यांनी पुन्हा काढली. आज प्रार्थनेला बसले, पण एक ओळ धड आठवेना. शेवटी देवाला म्हटलं, पुढचं आता चालता चालता बोलू. बैठक मारून लिहायचं म्हटलं, पण शेवट घाईघाईतच होतोय. वन्सं खालून हाका मारताहेत. वाटेच्या सुरुवातीला नेणाऱ्या बसला अजून पुष्कळ वेळ आहे, सांगितलं दोनदा, पण ऐकतंय कोण.