जिन्याखालची शिडी

वीज ही राष्ट्राची संपत्ती आहे. ती कुणा एकाची नसते. माझे वडील हे वाक्य फार गंभीरपणे म्हणत, आणि बहुतेक वेळा आमच्या जिन्याखालच्या बांबूच्या शिडीकडे बोट दाखवून म्हणत. वडील लाइनमन होते. शिडी वीजखात्याची होती, तिच्या एका पायावर लाल रंगात खात्याची अक्षरं होती. कार्यालय लांब पडतं म्हणून ती आमच्याकडे असे. राष्ट्राची संपत्ती राष्ट्राकडे कमी आणि आमच्या जिन्याखाली जास्त असायची, यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं.

शिडीबाबत घरात एकच नियम होता. कुणी मागायला आलं की म्हणायचं, "आपली नाही." शेजाऱ्याचा पतंग पत्र्यावर अडकला, आत्याला छताची जळमटं काढायची होती, तरी उत्तर तेच. आईनं एकदा शिडीवर ओली चादर टाकली, तर वडील म्हणाले, "ती जनतेची हाय."

"मग जनतेलाच सांगा की, धुणं वाळत घालायला ये म्हणून," आई म्हणाली. चादर तिथंच वाळली.

औरंगपुऱ्यामागच्या आमच्या गल्लीत दिवे गेले की लोक कार्यालयात न जाता आमच्या दारात येत. समोर बांगड्यांचं दुकान असलेल्या चाची तर ओट्यावरूनच ओरडत, "ओ लाइनवाले भाई, तुम्हारी सरकार फिर सो गई क्या?"

"सरकार माझी नाय, चाची. पण वीज तुमची हाय."

"मेरी है तो मेरे घर में क्यों नहीं है?"

वडील शिडी खांद्यावर घेऊन निघत. सरकारी वीज तेव्हा बेभरवशाची होती, हेही लिहून ठेवतो. आठवणी लिहिणारे लोक अंधारसुद्धा उजळून घेतात.

वडील निवृत्त झाले. शिडी मात्र राहिली, कारण ती परत मागायला कुणी आलंच नाही. मग शहरातलं वीजवाटप एका खाजगी कंपनीकडे सोपवायचं ठरलं. कार्यालयाच्या फाटकावर सभा झाली. एक वक्ता रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढणार होता. तो चहा घेऊन गेला. वडील सगळी भाषणं ऐकून घरी आले.

कंपनीनं कारभार हाती घेतला, त्यानंतर एका सकाळी त्यांनी शिडी पुसली, सैल झालेली पायरी सुतळीनं बांधली. "ज्याची त्याला देऊन येतो. उद्या कुणी म्हणायला नको, लाइनमननं जनतेचा माल दाबला." पुढचं टोक त्यांनी धरलं, मागचं मी.

कार्यालयाची पाटी बदलली होती. टेबलामागचा मुलगा सभ्य होता. त्यानं पाणी दिलं, मग म्हणाला, "काका, आम्ही असली शिडी वापरत नाही. माणसाला वर उचलणारी गाडी आहे आमच्याकडे. तुम्हीच ठेवा."

"माझी नाय ती."

"मग कुणाची?"

वडिलांनी लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

"ते आता इथं नाहीत," मुलगा म्हणाला.

परत येताना वडील पुढं होते, त्यामुळं मला त्यांचं तोंड दिसलं नाही. गल्लीत चाचींनी विचारलं, "क्या हुआ भाई, किसी ने नहीं ली?" वडील शिडी जिन्याखाली सरकवून घरात गेले.

काही वर्षांनी कंपनी गेली, वीज पुन्हा सरकारी झाली. वडिलांनी दाढी केली, ठेवणीतला सदरा घातला. गुडघे गेले होते म्हणून शिडी रिक्षाच्या टपावर बांधून नेली. ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. नवे साहेब उठून नमस्कार करते झाले. "बाबा, खांबावरची कामं आता कंत्राटदाराची पोरं करतात. शिडी ज्याची त्यानं आणायची."

"पण आता परत आपलंच झालं ना?" वडिलांनी विचारलं.

"झालं की," साहेब म्हणाले, आणि वाजणारा फोन घेतला.

रिक्षा उभीच होती. शिडी पुन्हा टपावर चढवताना वडिलांनी हात लावला नाही. राष्ट्राच्या संपत्तीचं ते वाक्य मी त्यानंतर कधी ऐकलं नाही.

दिवे अजूनही जात. पण घरोघरी इन्व्हर्टर आले होते, चाचींकडेही आला. संध्याकाळी रस्त्यावरचा दिवा विझला की खिडकीत बसलेले वडील हळूच म्हणत, "लाईन गेली." मग दाराकडे बघत. कुणी यायचं नाही.

मागच्या वर्षी ते गेले. चाची आईजवळ येऊन बसल्या. उठताना म्हणाल्या, "अब मैं किस पे चिल्लाऊँ?"

तेराव्याला दारात मांडव घातला. दिवे टांगायला मांडववाल्यानं जिन्याखालची शिडी ओढून घेतली होती. संध्याकाळी सामान टेम्पोत भरताना त्यानं मला हाक मारली.

"दादा, ही शिडी तुमची का?"

लाल अक्षरं केव्हाच उडून गेली होती.

"आपली नाही," मी म्हणालो.

त्यानं ती टेम्पोत टाकली.