दहापैकी डॉक्टर

आमच्या अपघात विभागात एक डॉक्टर होते. त्यांच्या सुईला पोरं रडायची नाहीत, पण ते स्टूल ओढून बसले की रडायची.

दारू पिऊन आलेलं पोरगं नीट शुद्धीवर आलं की ते नातेवाइकांना बाहेर काढायचे आणि विचारायचे, "प्यायला काय मजा येते रे?" मी तिथं मावशी होते. ओकलेलं मी पुसायचं आणि हे मजा विचारणार. दोन चपला हाणल्या की भागतं, असं मी त्यांना सांगितलंही.

"मावशी, चपला घरी मिळतातच. इथं दुसरं काही मिळू द्या."

मग ठरलेला सवाल. "पुढच्या वेळी दोस्तांना नाही म्हणशील, याची खात्री दहापैकी किती?" पोरगं म्हणायचं, दोन. मी म्हटलं असतं, एवढीच का रे? हे उलटं विचारायचे, "मग एक का नाही?" पोरगं विचारात पडायचं. कुणाला पोलीस भरती आठवायची, कुणाला आई. "कारण त्याच्या तोंडून निघू द्यावं. माझं दिलेलं तो दारातच टाकून जातो," असं डॉक्टरांचं म्हणणं.

एका धुळवडीला दुपारी असंच एक पोरगं आलं. आणणारे दोस्त दारातूनच पळाले. पोरगं डोक्यापासून पायापर्यंत रंगानं जांभळं. मी त्याला कुशीवर धरलं आणि त्याच्या घराण्याचा उद्धार केला. याच्या आईला अक्कल नाही, आजी असेल तर तिला मुळीच नाही. एवढं झाल्यावर ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं. आमचा पप्या निघाला. माझा नातू.

तो शुद्धीवर आला तसे डॉक्टर म्हणाले, "नातेवाईक बाहेर."

"मी ड्यूटीवर हाय."

"चप्पल हातात आहे तुमच्या. म्हणजे आजी. बाहेर."

मी पडद्याआड उभी राहिले. पप्याचा बाप दारूनंच गेला. तेवढीच फरशी मी तीनदा पुसली. रागानं पुसते, असं मी सिस्टरला सांगितलं.

"दहापैकी किती?"

"तीन."

"दोन का नाही?"

पप्या मग म्हणाला, "परत प्यालो तर आजी काम सोडून दिवसभर घरी बसंल. माझ्यावर ध्यान ठेवायला."

"मग चार धरू?"

"पाच धरा," पप्या म्हणाला.

पुढं डॉक्टर वैजापूरला गेले. जायच्या दिवशी मी त्यांना स्टुलावर बसवलं. "आमची आठवण येईल का? दहापैकी किती?"

"सहा."

"पाच का नाही?"

त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसायला मी फडकं पुढं केलं. ते फरशीचं होतं. दोघांच्याही उशिरा लक्षात आलं.

पप्या आता वाळूजला कंपनीत जातो. वयानं माझं काम सुटलं. दर धुळवडीला तो रंग खेळून आला की मी आधी तोंड हुंगते, मग विचारते. औंदा म्हणाला, "नऊ."

"आठ का नाय रं?"

"तू घरीच बसलीस की आता, ध्यान ठेवायला."