घरच्या बियाण्यावरचं लेबल

धम्मरत्नच्या पोटात त्या आठवड्यात जे दुखायला लागलं, त्यावर ओव्याची मात्रा चालणार नव्हती. खामगावच्या एका कॉलेजात तो संगणकांची देखभाल करायचा. त्याचा जुना वर्गमित्र, पिंपळगाव राजाचा प्रसेनजित, याचं काम जगभरच्या लोकांच्या प्रकल्पात मंजूर झालं होतं. धम्मरत्नचं तीन महिन्यांपासून धूळ खात पडलं होतं. त्या प्रकल्पाला हातभार लावणाऱ्यांच्या यादीत एकदा आपलं नाव यावं, एवढंच त्याला हवं होतं.

प्रकल्प म्हणजे संगणकाची सुरक्षा नियमात बसते का, ते तपासणारं सॉफ्टवेअर. कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं. पण ते ओळखायचं फक्त एका कंपनीची, संगणक चालवणारी विकतची प्रणाली. तिच्याच खुल्या कोडमधून लोकांनी उभी केलेली फुकट प्रणाली कॉलेजच्या चाळीस संगणकांवर होती. तिथं तपासणी लावली की प्रत्येक नियमापुढे एकच शेरा: 'लागू नाही.'

धम्मरत्नने फुकट प्रणालीसाठी चारशे नियम एकेक करून नव्याने उतरवले. प्रसेनजितने बारा ओळी लिहिल्या: विकतच्या प्रणालीचेच नियम या फुकट प्रणालीलाही लावा. संपलं काम.

"तुम्ही नांगरतच राह्यले, अन् त्यानं पेरून बी घेतलं," बायको पायल म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?"

"इतकं समजते, का तीन दिसापासून तुमचं तोंड कारल्यावानी हाय."

खोट काढायचीच म्हणून त्याने त्या बारा ओळी चालवून पाहिल्या. चाळीसही संगणक बिनबोभाट तपासले गेले. त्याचा जीव आणखीच जळला. मग अहवालाच्या तळाशी नजर गेली. मूळच्या नियमांसोबत एक वाक्य तसंच वाहत आलं होतं: ही प्रणाली प्रमाणित आहे.

प्रमाणपत्र होतं ते विकतच्या प्रणालीला; फुकट प्रणालीला कुणीच प्रमाणित केलं नव्हतं!

अंगणात वडील, किसनराव, ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या शंभर दाण्यांतले किती उगवले ते पाहत होते. घरचं सोयाबीन पेरण्याआधी ते दरवर्षी असंच तपासत. "उगवते कंपनीवानीच," ते म्हणायचे, "पण घरच्या बियाण्याच्या कट्ट्याले कंपनीचं लेबल लावलं, का ते लबाडी झाली."

प्रसेनजितला गुपचूप फोन करता आला असता. धम्मरत्नने चूक सगळ्यांसमोर, प्रकल्पाच्या पानावर लिहिली. ते वाक्य कसं काढायचं, तेही लिहिलं.

तासाभरात प्रसेनजितचा फोन. "काऊन बे धम्म्या, मले आधी सांगता नाही आलं?"

"चूक जगासमोर केली, तं जगासमोरच सांगा लागते."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग हसू. "हाव, बराबर हाय. वाचवलं गड्या तू. कोण्या दवाखान्यानं त्या वाक्यावर भरोसा ठेवला असता तं?"

भांडायला कंबर कसून बसलेल्या माणसाला आभार मिळाले, की तो आणखी चिडतो.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती मंजूर झाली. प्रसेनजितने आपल्या नावाखाली धम्मरत्नचं नाव टाकलं होतं.

"आलं ना नाव? आता तरी हसा," पायल म्हणाली.

"आलं. त्याच्या खाली. त्यानं टाकलं म्हणून."

धम्मरत्नने चाळीसही संगणकांवर दुरुस्ती चढवली. अहवाल चोख आले, खोट्या लेबलाशिवाय. मग खुर्ची पुढे ओढून तो प्रसेनजितचं पुढचं काम तपासायला बसला, ओळ न ओळ.