पुरावा मागणारा धम्मरत्न

सैन्यातून परतलेला धम्मरत्न वणीत फक्त डांबरी रस्त्यावरूनच चालायचा. सीमेवर भूसुरुंगाने त्याचा जोडीदार नेला, तेव्हापासून मातीवर त्याचा पायच ठरत नव्हता. "काय साहेब, बूट मळतेत का?" गल्ली चिडवायची. गल्लीला दुसरा धंदा काय! पण लेकीचं, मैत्रेयीचं लग्न घरासमोरच्या मातीच्या मैदानात ठरलं, तसा तो मुकाट्याने मनावर उपचार करणाऱ्या बाईंकडे जाऊ लागला. भीती वाटली की तिला धोक्याचा पुरावा मागायचा आणि थोडं थोडं मातीत उभं राहायचं, असं बाईंनी शिकवलं.

लग्नाच्या आदल्या दुपारी त्याने अंगणात पाय टेकला. "पुरावा काय?" त्याने पुटपुटत विचारलं. तेवढ्यात जवळच्या कोळशाच्या खाणीत सुरुंग उडाला. जमीन थरथरली, मांडणीवरची भांडी खणखणली. धम्मरत्न एका उडीत ओट्यावर!

"अजी, रोजचाच बार होय तो खदानीचा," बायको जया म्हणाली.

"मले मालूम हाय. पण जमीन हालली ना?"

जया मांडणीवरची भांडी सरळ करू लागली. हा पुरावा बाईंनाही खोडता आला नसता.

"मंडपातला भोंगा इकडं फिरवजो," तो म्हणाला. "पोरीचं लगन मी इथूनच आयकतो."