खांदा मागे जातो तेव्हा

दौलतसिंह माझे वडील, आणि मला ते आवडत नाहीत. मुलीने बापाबद्दल असं बोलू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे एकदा जेवून पाहावं. भाजीत मीठ जास्त पडलं की ताट भिंतीवर. माझी आई लीलाताई भिंत पुसते आणि पुन्हा वाढते. पूर्वजांनी इथे ग्वाल्हेरात तलवारी गाजवल्या म्हणे. आमच्या पिढीला ताटं आली.

दादा नोकरीला बाहेरगावी. त्याची बायको अवंतिका सिटी सेंटर भागातल्या क्लासला ॲनिमेशन शिकायला जायची. बाबांची अट होती: पहिल्या टप्प्याच्या शेवटी मुलांची कामं पडद्यावर दाखवतात तो कार्यक्रम बघेन, पटला तर पुढे, नाहीतर स्वयंपाकघर. लग्न झाल्यापासून वहिनीने या घरात मागितलेली ती एकच गोष्ट.

उसळत्या चेंडूची चित्रं काढून झाल्यावर शिकवणारा अंशुल म्हणाला, "अब गुस्सा. फेंकने से पहले शरीर उल्टी तरफ जाता है. वो नहीं दिखाया तो गुस्सा झूठा लगेगा."

बाकीच्यांचे हात नुसतेच पुढे जायचे. वहिनीला नमुना शोधत हिंडायची गरज नव्हती. आधी आवाज बंद, मग उजवा खांदा मागे, हनुवटी खाली, मग ताट. तिने डोकं, खांदा, हात वेगवेगळ्या थरांवर काढले आणि फेकण्यापेक्षा खांदा मागे जाण्यालाच जास्त चित्रं दिली.

"चेहरा तरी बदल," मी म्हटलं.

"बदललाय की. मिशी काढली."

कार्यक्रमात तो बिनमिशीचा माणूस पडद्यावर जेवायला बसला. त्याचा खांदा मागे गेला मात्र, माझ्याशेजारी आईने अंग चोरलं. ताट अजून हललंही नव्हतं. मग तिला कळलं की हे चित्र आहे, आणि ती हसली. सगळा हॉल हसला. बाबा सोडून.

रात्री जेवताना ते म्हणाले, "क्लास बंद. घर की इज्जत चव्हाट्यावर नेलीस."

"मी जाणार, बाबा," वहिनी म्हणाली.

बाबा गप्प झाले. खांदा मागे गेला. एरवी आम्ही माना खाली घालायचो. आज तिघीही त्या खांद्याकडे बघत बसलो.

"फेका ना," आई म्हणाली. "पुढचं सगळ्यांनी बघितलंय."

त्यांनी उचललेलं ताट खाली ठेवलं तोवर आमटी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळली होती. दुसऱ्या दिवशी वहिनी क्लासला गेली. त्यांना विचारायला थांबली नाही.