बेलभंडारा आणि एक मत

आमचे सासरे, म्हणजे आबा, हट्टी माणूस. आयुष्यात पुष्कळ चुका केल्या आणि एकही कबूल केली नाही. पण जी चूक आमच्या वस्तीला भोवली, ती त्यांनी देवळात, सगळ्यांदेखत आणि अगदी चांगल्या मनानं केली.

कळसजवळची आमची वस्ती. एकेकाळी मेंढरांमागं फिरणारे लोक. आता ऊस आहे, कुणी ट्रॅक्टर चालवतं, कुणी कंपनीत जातं, मी अंगणवाडीत आहे. बाकी सगळं बदललं, मत तेवढं बदललं नाही. देवाधर्माचं बोलणारा, दारूच्या विरोधात उभा राहणारा पक्ष तो आपला, असं आबांनी तरुणपणी ठरवलं आणि आम्ही सगळे त्यांच्यामागं गेलो. पक्षानं त्यांना कधी पद दिलं नाही. सभेला सतरंज्या अंथरायच्या आणि सभा संपली की झटकून ठेवायच्या, एवढाच त्यांचा मान. तरी त्यांना त्याचं केवढं कौतुक होतं.

या वेळी विधानसभेचा उमेदवार ठरायच्या आधीच दुसऱ्या पक्षांच्या गाड्या वस्तीवर यायला लागल्या. माणसं फुटतील या धास्तीनं आबांनी सगळ्यांना खंडोबाच्या देवळात बोलावलं. ताटात बेल आणि भंडारा ठेवला. एकेकानं पुढं यायचं, बेलभंडारा उचलायचा आणि म्हणायचं, "मत आपल्या चिन्हालाच." बायकांनीही उचलला. मीही उचलला. उमेदवार कोण, हे विचारायचं कुणाला सुचलंसुद्धा नाही. पक्ष देईल तो माणूस धड असणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

आठवड्याभरात तिकीट जाहीर झालं. फाट्यावरच्या दारूदुकानाचा मालक! आदल्या दिवसापर्यंत तो समोरच्या पक्षात होता. काही वर्षांपूर्वी गावातल्या बायकांनी ते दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीचं मतदान मागितलं, तेव्हा घरोघर फिरून सह्या आबांनीच गोळा केल्या होत्या. याच्या माणसांनी भर बाजारात त्यांचं उजवं मनगट मोडलं. मतदान झालंच नाही. तो हात अजून नीट वळत नाही. आबांना भाकरी मी कुस्करून देते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचे चुलतभाऊ तात्या चार-पाच जणांना घेऊन अंगणात आले.

"आबा, आमाला मोकळं करा. शपथ तुमी घातली, तुमीच सोडवा."

आबा मनगट चोळत बसले होते. "बेलभंडारा देवाचा हाय. मी कोण सोडवणार?"

"पर त्यो माणूस कसला हाय, तुमाला ठावं न्हाय का?"

"तुमच्यापरीस जास्त ठावं हाय. पर आज ही शपथ मोडली, तर उद्या वस्तीत कुणाच्या शब्दावर कोण इस्वास ठेवंल?"

तात्यांनी मान खाली घातली. "व्हय, आबा." बाकीच्यांनीही माना डोलावल्या, चहा घेतला आणि गेले.

मला मात्र राहवलं नाही. "त्यानं हात मोडला तुमचा, आणि त्यालाच मत?"

"हात माझा मोडला, सूनबाई," ते म्हणाले, "वस्ती न्हाय मोडू देणार." मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेच नाही.

मतदानाला आबा धुतलेलं धोतर नेसून शाळेत गेले. शेजारच्या बायकांच्या रांगेत मीही पुढंच होते. ते आत गेले, बटण दाबलं, बाहेर येऊन नळावर खळखळून तोंड धुतलं. माझा नंबर आला तेव्हा मी चिन्हाकडं पाहिलं आणि सगळ्यात खालचं, कुणालाच मत न देण्याचं बटण दाबलं. देवाची भीती वाटली नाही. बाहेर आबा माझी वाट बघत उभे होते, त्यांच्याकडं बघायची तेवढी लाज वाटली.

तो निवडून आला. काही दिवसांनी पक्षाच्या एका कार्यकर्त्याचा आबांना फोन आला. वस्ती फुटली म्हणून तो वाट्टेल ते बोलला. पाठोपाठ त्यानं बूथवार आकड्यांचा कागद मोबाईलवर पाठवला. आमच्या बूथवर वस्तीशिवाय फारसं कुणी नाहीच. जिथं आमचं चिन्ह कायम पुढं असायचं, तिथं त्याला बोटांवर मोजण्याइतकी मतं होती, आणि त्या बूथवर उमेदवाराचे पाहुणे किती, हे आम्हाला पाठ होतं. त्यांची मतं वजा केली, तर उरत होतं एकच. आबांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"तू?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "न्हाय दिलं, आबा."

"तात्या?"

"त्यांनीबी न्हाय. कुणीच न्हाय दिलं."

"मग माझ्या तोंडावर व्हय का म्हनले?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून."

आबांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला. "तुमी सगळी शपथंत अडकला म्हणून मी दिलं त्याला," ते म्हणाले. "न्हायतर मी दिलं असतं व्हय?"